पाच वर्षांच्या मुलीचा एकाहत्तर वर्षांचा खुबा

सुरुवातीलाच सांगून टाकतो: मुलीच्या खुब्यात सुई घालावी लागली नाही, आणि आमच्या मदतनीस मावशींची सोनोग्राफीच्या खोलीतून चादरींच्या कोठीत बदली झाली.

आता हे दोन्ही घडलंच नाही असं धरून चालू. आमच्या रुग्णालयाला याची सवय आहे. लिफ्ट बिघडलेली नाही असं धरून आम्ही रोज तिच्यासमोर उभे राहतो, आणि कोणी पाहत नाही असं धरून जिन्याकडे वळतो. तेव्हा मावशी अजून सोनोग्राफीच्या खोलीतच आहेत, सकाळचे पावणेदहा वाजलेत, आणि जेलची बाटली काखेत दाबून त्या एका रागावलेल्या मुलीशी वाटाघाटी करताहेत.

"मी झोपणार नाही," मुलगी म्हणाली.

"नकोच झोपू. कोण म्हणतंय झोप?"

मुलीने सोनोग्राफीच्या डॉक्टरांकडे बोट दाखवलं.

"ते होय? ते सगळ्यांनाच म्हणतात. घरी पाहुणा आला तरी आधी म्हणतात, आडवे व्हा. मग चहा."

डॉक्टरांनी मान हलवली. ते मितभाषी आहेत. आम्ही त्यांना मागून मिलिमीटर साहेब म्हणतो, कारण त्यांची बहुतेक वाक्यं याच शब्दाने संपतात. घरी सगळे कसे आहेत विचारलं तर ते क्षणभर थांबतात. मला वाटतं, मनातल्या मनात मोजतात.

बाटली काखेत असण्याचं कारण शास्त्रीय आहे. थंडगार जेल अंगावर पडलं की मोठा माणूससुद्धा आईला हाक मारतो. लहान मूल हाक मारून थांबत नाही, लाथ मारतं. खोलीत गरम पाण्याचं भांडं ठेवायला परवानगी नाही, म्हणून तेवीस वर्षं मावशींची डावी काख हेच या विभागातलं एकमेव तापमान-नियंत्रित उपकरण होतं. त्याची देखभाल कधी करावी लागली नाही.

मी या खोलीतला टंकलेखक. पडद्यापलीकडे डॉक्टर अंधारात बघतात, अलीकडे मी उजेडात बसून टाइप करतो. मावशी मला टकटक म्हणतात. माझी नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर आहे. बारावा महिना आला की मी नव्याने जन्म घेतो.

मुलीचं म्हणाल तर ती पाच वर्षांची होती आणि कालपासून उजव्या पायाने लंगडत होती. त्याआधी आठवडाभर सर्दी. अशी मुलं आमच्याकडे बरीच येतात. बहुतेकदा प्रकार साधा असतो: सर्दीनंतर खुब्याच्या सांध्याला सूज येते, थोडं पाणी साठतं, आठवड्याभरात ते जसं आलं तसं जातं. पण क्वचित ते पाणी नसतं, पू असतो. मग तासातासाला महत्त्व येतं, नाहीतर पाय जन्माचा अधू होतो. अडचण अशी की बाहेरून दोन्ही मुलं सारखीच लंगडतात आणि सारखंच रडतात. म्हणून यंत्राने आधी चांगला खुबा बघायचा, मग दुखरा, आणि हाड ते आवरण यांच्यातलं अंतर दोन्हीकडे मोजायचं. दुखऱ्या बाजूला दोन मिलिमीटर जास्त भरलं की समजायचं, आत काहीतरी आहे. ते पाणी की पू, हे यंत्र सांगत नाही. ते ताप, रक्ताची तपासणी आणि हाडांच्या डॉक्टरीणबाई मिळून ठरवतात.

या सगळ्यासाठी मुलाने पाय सरळ ठेवून एक मिनिट गप्प पडून राहणं आवश्यक असतं. जगात याहून अवघड एकच गोष्ट असेल, ती म्हणजे तेच पुन्हा दुसऱ्या पायाला.

यावर मावशींचा एक रिवाज होता. आधी मोठ्यांचं. मुलासोबत जो आला असेल त्याने टेबलावर झोपायचं, डॉक्टरांनी त्याचा खुबा बघायचा, मुलाने पडद्यावर पाहायचं की माणूस मेला नाही, आणि मग स्वतः चढायचं. या रिवाजाखाली आजवर किती आया, बाप, काका, आत्या आणि एकदा रस्ता चुकून आत आलेला विमा विकणारा आडवा झाला, त्याची गणती नाही. विमावाल्याने उठल्यावर पहिल्यांदाच स्वतःची पॉलिसी काढायचा विचार बोलून दाखवला. एका मुलाने बाबांवर विश्वास नाही म्हणून आपलं कापसाचं अस्वल पुढे केलं. डॉक्टरांनी अस्वल तपासलं आणि मुलाच्या समाधानासाठी मी त्याचा अहवाल टाइप केला: "दोन्ही खुबे अनुपस्थित. पाणी नाही. कापूस सर्वत्र समान." तो अहवाल चुकून वरच्या कार्यालयात गेला. महिन्याभराने परिपत्रक आलं की रुग्णाखेरीज अन्य व्यक्ती, प्राणी अथवा वस्तू यांवर यंत्राचा वापर करू नये. "अथवा वस्तू" हे अस्वलासाठी होतं. परिपत्रक आम्ही भिंतीला लावलं, आणि त्यावर मावशींनी कॅलेंडर लावलं.

तर मुलीसोबत आले होते तिचे आजोबा. आई-बाप परगावी कामाला होते, निरोप मिळताच गाडीत बसले होते आणि संध्याकाळी पोचणार होते. आजोबा उंच, ताठ, खिशाला पेन. नातीला कडेवर घेऊन आले तेव्हा मला वाटलं, ओझ्याने तिरके चालताहेत. तिला खाली ठेवल्यावरही ते तिरकेच चालले. नात उजव्या पायाने लंगडत होती, आजोबा डाव्या. दोघं हात धरून चालले की मिळून एक धडधाकट माणूस होत होता.

"आजोबा, तू झोप आधी," मुलगी म्हणाली.

"मला काय धाड भरलीय?"

"झोपा हो," मावशी म्हणाल्या. "कोट काढा, पेन काढा. पेन टोचतं साहेबांना."

आजोबा झोपले. डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या खुब्यावर यंत्र ठेवलं, कारण टेबलाची ती बाजू जवळ पडते. यंत्राचा पडदा उजळला. अलीकडून मला फक्त आवाज ऐकू येत होते.

"हे काय आहे?" मुलगी.

"आजोबांचं हाड," मावशी.

"खडबडीत आहे."

"आजोबाच खडबडीत आहेत."

"सात पूर्णांक आठ मिलिमीटर," डॉक्टर पुटपुटले आणि सवयीने त्यांनी चित्र थांबवून मोजमाप टाकलं. छपाईच्या यंत्रातून फोटो बाहेर आला.

"किती असायला हवं?" आजोबांनी विचारलं.

"आजोबा, आज तुमचं नाही," डॉक्टर म्हणाले.

मग मावशींचा आवाज आला, अगदी हळू. "कधीपासून दुखतंय?"

"कुणाला?"

"तुम्हाला."

"छे. हिला जरा उचलून घेतलं ना, म्हणून." पुढे ते आणखी हळू म्हणाले, "घरी बोलू नका कुठं. मुलगा लगेच म्हणेल, तुम्ही हिला शाळेत सोडायला जाऊ नका."

त्यानंतर मुलगी चढली. काखेतलं जेल, मावशींचा हात गुडघ्यावर, आणि आजोबा डोक्याशी उभे राहून आकडे म्हणताहेत. डावा चांगला खुबा: तीन पूर्णांक एक. उजवा दुखरा: सात पूर्णांक सहा. उजवीकडे पाणी होतं. मुलगी एकदाही रडली नाही. फक्त एवढंच म्हणाली की माझं हाड आजोबांपेक्षा चांगलं आहे. यावर कोणाचं दुमत नव्हतं.

तेवढ्यात बाळंतपणाच्या विभागातून फोन आला आणि डॉक्टर धावले. जाता जाता मला म्हणाले, "आकडे फोटोवर आहेत. टाइप करून ठेव, येऊन सही करतो."

मावशी पडद्याआडून म्हणाल्या, "टकटक, तीन फोटो आहेत बघ. त्यातला पहिला आजोबांचा, तो बाजूला कर. मी हिला चाकाच्या खुर्चीत बसवून येते."

मी म्हणालो, "हो."

हे "हो" मी दिवसातून दोनशे वेळा म्हणतो. त्यातले काही मी ऐकूनही म्हणतो. हे त्यातलं नव्हतं.

माझ्यासमोर दोन डावे आणि एक उजवा असे फोटो होते, तिन्हींवर मुलीचंच नाव. दोन डाव्यांतला एक आजोबांचा. कोपऱ्यात वेळ छापलेली असते, ती बघितली असती तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मी तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या पित्ताशयाच्या तिसऱ्या परिच्छेदात होतो. खुर्चीतली मुलगी जाता जाता हात पुढे करून म्हणाली, "आजोबांचा फोटो मला द्या." मी दोन डाव्यांतला एक उचलून दिला. बरोबर निघायची शक्यता पन्नास टक्के होती. पन्नास टक्के मला आजवर कधी पावलेले नाहीत.

उरलेल्या दोन फोटोंवरून मी अहवाल टाइप केला. डावा सात पूर्णांक आठ, उजवा सात पूर्णांक सहा. खाली माझं ठरलेलं वाक्य: दोन्ही खुब्यांत द्रव आढळतो. डॉक्टर हातमोजे घालूनच परत आले, उभ्या उभ्या सही केली आणि पुन्हा पळाले. बाळंतपण जुळ्यांचं होतं.

असा हा अहवाल, एकाहत्तर वर्षांचा डावा खुबा आणि पाच वर्षांचा उजवा खुबा एकाच मुलीच्या नावावर घेऊन, हाडांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गेला.

डॉक्टरीणबाई हुशार आहेत आणि त्या दिवशी त्यांच्या दारात चाळीस माणसं होती. एका बाजूला पाणी असतं तर त्यांनी मुलीला दोन दिवस नजरेखाली ठेवलं असतं. दोन्ही बाजूंना पाणी, वर बारीक ताप, म्हटल्यावर त्यांनी धोका पत्करायचा नाही असं ठरवलं. दुपारी एक वाजता भूल देऊन दोन्ही खुब्यांत सुई घालायची, पू निघाला तर तिथल्या तिथे धुवायचं. मुलीला पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. आजोबांनी खिशातलं पेन काढलं आणि संमतीच्या कागदावर सही केली. ती सही कागदाच्या ओळीच्या बरीच खाली गेली, असं मी नंतर पाहिलं.

सव्वाबारा वाजता मावशी जेवणाच्या सुट्टीत शस्त्रक्रियागृहाच्या बाजूने चालल्या होत्या. व्हरांड्यात ढकलगाडीवर मुलगी बसलेली, अंगात हिरवा झगा, तो तिच्यासारख्या तिघींना पुरेल एवढा. शेजारी आजोबा.

"मला बिस्कीट देत नाहीयेत," मुलीने तक्रार नोंदवली.

"का हो?" मावशींनी आजोबांना विचारलं.

"सुई घालणार म्हणे. दोन्हीकडे." आजोबा भिंतीकडे बघत होते. "डावीकडेही आहे म्हणतात."

"डावीकडे कुठलं?"

"मला काय कळतं बाई. अहवालात आहे."

मावशींची नजर मुलीच्या हातातल्या फोटोकडे गेली. "बघू गं आजोबांचं हाड."

मुलीने फोटो दिला. मावशींनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

मावशी सातवी शिकलेल्या आहेत. अहवालातला एक शब्द त्यांना समजत नाही. खरं सांगायचं तर मलाही समजत नाही, मी फक्त टाइप करतो. पण तेवीस वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत उभ्या होत्या. मुलांच्या हाडात, खुब्याच्या गोळ्याखाली, एक बारीक फट दिसते. तिथून हाड वाढतं. माणूस मोठा झाला की फट बुजते. मावशी तिला दार म्हणायच्या. दार उघडं म्हणजे अजून उंची बाकी आहे. आणि हातातल्या फोटोत दार सताड उघडं होतं.

"हा आजोबांचा नाही," मावशी म्हणाल्या. "हा तुझा."

"मग आजोबांचा कुठंय?"

मावशी तोवर निघाल्या होत्या.

मी डबा उघडला होता. मावशींनी माझ्यासमोर फोटो आपटला. मी फोटोकडे बघितलं, कोपऱ्यातली वेळ बघितली. डबा मी झाकला. नंतरही उघडला नाही.

"मी जातो आणि सांगतो," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"बस खाली."

"मावशी, तिला एक वाजता..."

"मला कळतंय किती वाजता. बस. तुझा करार किती राहिलाय?"

"तीन महिने."

"तुला काढायला त्यांना एक फोन पुरेल. मला काढायचं तर तीन समित्या बसवाव्या लागतील, त्यातल्या दोन चहालाच उठतील." मावशींनी पदर खोचला. "शिवाय आजोबांना झोपवलं कुणी? तू?"

"पण फोटो..."

"फोटोचं तोंडातून काढू नकोस. माझ्या मागे ये आणि मुक्या बैलासारखा उभा राहा. ते तुला जमतं, मी बघितलंय."

हाडांच्या डॉक्टरीणबाई शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी हात धूत होत्या. कोपरापर्यंत साबण. मावशींनी दाराशी ठेवलेल्या फायलीतला डावा फोटो काढला आणि दोन्ही फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर धरले, कारण हात लावता येत नव्हता.

"मॅडम, हे दोन्ही डावे आहेत. हा मुलीचा. आणि फायलीत लावलाय तो हिच्या आजोबांचा."

डॉक्टरीणबाईंनी एकदा बघितलं. मग पाणी बंद केलं आणि पुन्हा बघितलं. बेसिनमध्ये साबणाचा फेस टप् टप् पडत होता.

"याची वाढ संपलेली आहे," त्या आजोबांच्या फोटोकडे बघत म्हणाल्या.

"एकाहत्तर वय आहे, मॅडम."

"आजोबांचा खुबा कुणी तपासला? आणि का?"

"मी सांगितलं झोपायला. पोरगी घाबरत होती."

"परिपत्रक आहे ना त्यावर?"

"आहे की. आमच्या भिंतीवरच आहे."

डॉक्टरीणबाईंचा ओठ किंचित हलला. हसण्याकडे की ओरडण्याकडे ते कळायच्या आत स्थिर झाला. त्यांनी सोनोग्राफीच्या डॉक्टरांना यंत्रासकट बोलावलं. चाकांवरचं छोटं यंत्र घेऊन ते व्हरांड्यातच आले. जुळी सुखरूप होती, त्यामुळे ते प्रसन्न होते आणि दोन वाक्यं जास्त बोलले. मुलीने या वेळी कुणाला आधी झोपवायचा आग्रह धरला नाही. मावशींचा हात मात्र सोडला नाही. डावा तीन पूर्णांक एक. उजवा सात पूर्णांक सहा. तेवढ्यात रक्ताचा अहवालही आला. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

"सर्दीनंतरची सूज आहे," डॉक्टरीणबाई आजोबांना म्हणाल्या. "सुई नको. दोन दिवस इथं ठेवू, ताप बघू. उड्या मारायच्या नाहीत."

"मी मारत नाही," आजोबा म्हणाले.

"हिच्याबद्दल बोलतेय. तुमच्याबद्दल वेगळं बोलायचंय. तुमच्या डाव्या खुब्याला कुणी डॉक्टर आहे का?"

आजोबांनी मावशींकडे असं बघितलं जणू त्यांनी पोलिसांत कळवलंय. मुलीला बिस्कीट मिळालं. तिने ते अर्धं केलं, मोठा अर्धा स्वतःला ठेवला, लहान आजोबांना दिला आणि म्हणाली, "तुझं हाड खराब आहे, तू कमी खा."

मग डॉक्टरीणबाईंनी खिशातून वही काढली. "मावशी, हे मला वर कळवावं लागेल. चुकीच्या अहवालावर भूल देणार होतो आम्ही."

"कळवा की."

"फोटोंची अदलाबदल कुणाच्या हातून झाली?"

मी तोंड उघडलं. "मॅडम, खरं म्हणजे..."

मावशींची चप्पल माझ्या अंगठ्यावर आली. मावशी काही हलक्या नाहीत. त्या क्षणी व्हरांड्यात लंगडणारे तिघे झालो.

"माझ्या," मावशी म्हणाल्या. "फोटो वेगळे करायचं काम पहिल्यापासून माझंच आहे. लिहा."

चौकशी फार लांबली नाही. अधीक्षकांच्या खोलीत मावशी दहा मिनिटं होत्या. त्यांतली सहा परिपत्रक वाचण्यात गेली आणि चार ते मान्य आहे असं म्हणण्यात. निर्णय दोन ओळींचा होता. मावशींना सोनोग्राफीतून चादरींच्या कोठीत हलवायचं, आणि तेवीस वर्षं कोऱ्या असलेल्या त्यांच्या सेवापुस्तकात शेरा मारायचा: कामात निष्काळजीपणा, त्यामुळे बालरुग्णाच्या जिवास धोका. निवृत्तीला त्यांना चौदा महिने उरले होते.

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. त्या खोलीतली आपली पिशवी भरत होत्या: कंगवा, एक स्वेटर, तुटक्या दांडीचा चष्मा.

"शेऱ्याचं एवढं काय," त्या म्हणाल्या. "ते पुस्तक कोण वाचतं? मी तर आजवर बघितलंही नव्हतं कसं असतं ते."

"मग आज बघितलंत?"

"दाखवलं ना. सही घेतली त्यावर." त्यांनी पिशवीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "कोरं छान दिसत होतं."

मग त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी अधीक्षकांकडे गेलो आणि फोटोंची चूक माझी होती असं सांगितलं. अंगठ्याला पट्टी होती, तेव्हा आता भीती नव्हती. साहेब भले गृहस्थ आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, घातला.

"तुझं म्हणणं खरं असेल," ते म्हणाले. "पण तू करारावरचा. तुला सेवापुस्तकच नाही. शेरा मारू कुठं? तुझ्या कपाळावर?"

"मग मावशींचा काढा."

"काढायचा तर कुठंतरी घालावा लागेल. चूक झालीय हे नक्की आहे. ती अधांतरी ठेवता येत नाही."

"मला काढून टाका मग."

"ते तीन महिन्यांनी आपोआप होतंय. आणि परत घेणारच आहोत तुला. टायपिंग बरं आहे तुझं."

दहा दिवसांनी मुलगी तपासणीसाठी आली. चालत आली, म्हणजे तिच्या आईचं म्हणणं चाल आणि आमचं म्हणणं धाव. आजोबांच्या हातात काठी होती. त्यांच्या मुलाने त्यांना शाळेत जायची बंदी केली नव्हती. फक्त काठीशिवाय जायची केली होती. आता वर्गातली सगळी पोरं त्या काठीला हात लावण्यासाठी रांग लावतात, असं त्यांनी मला घसा खाकरून सांगितलं.

आमच्या खोलीत कॅलेंडर आता दुसऱ्या भिंतीवर गेलं आहे आणि परिपत्रक मोकळा श्वास घेतं आहे. जेल थंड असतं. मी एकदा बाटली काखेत धरून पाहिली, पण डॉक्टर म्हणाले, माझ्या काखेला अनुभव नाही. त्या दिवशी मुलीचे दोन खुबे बघायला चाळीस मिनिटं लागली. त्यांतली अडतीस ती टेबलाखाली होती. शेवटी आकडे आले: तीन पूर्णांक एक, तीन पूर्णांक दोन. डॉक्टर हसले. एखाद्या मिलिमीटरएवढं असेल.

"मावशी कुठं गेल्या?" मुलीने मला विचारलं.

मी तिला तळमजल्यावर घेऊन गेलो. कोठीत छतापर्यंत चादरी रचलेल्या होत्या. मावशी स्टुलावर बसून उसवलेल्या कडा शिवत होत्या. मुलगी धावत जाऊन घड्या केलेल्या ढिगावर आडवी झाली, दोन्ही पाय सरळ, अगदी गप्प, मिनिटभर. मावशींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग दोन्ही टाचा जुळवून बघितल्या.

"दार उघडं आहे ना अजून?" मी विचारलं.

"सताड."

मुलगी आईकडे पळाली. मावशींनी तिने चुरगळलेली चादर झटकली आणि पुन्हा घडी घातली.

"इथलं काम बरंय," त्या म्हणाल्या. "शांत असतं. चादरी रडत नाहीत." घडीवरून हात फिरवत त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेवढंच जरा वाईट आहे."

मी वर आलो, पित्ताशयं, मूत्रपिंडं आणि एक अपेंडिक्स बाजूला सारलं, आणि कार्यालयीन वेळेत, कार्यालयीन कागदावर, पुढील अर्ज टाइप केला. त्याची पोच मला मिळाली आहे. पुढचं काही मिळणार नाही.

"मा. अधीक्षक यांस सविनय सादर. विषय: चूक एका नावावरून दुसऱ्या नावावर वर्ग करण्याबाबत. महोदय, सोनोग्राफी विभागातील पूर्वीच्या परिचारिका-सहायक (मावशी) यांच्या सेवापुस्तकातील दिनांकित शेरा हा वस्तुतः खाली सही करणाऱ्याचा असून तो नजरचुकीने त्यांच्याकडे गेला आहे. सबब तो तेथून काढून मूळ मालकास परत मिळावा, व ते पान पूर्ववत कोरे करण्यात यावे. अर्जदारास सेवापुस्तक नाही, याची त्यास जाणीव आहे. तरी ते प्रथम उघडण्यात यावे, आणि पहिल्या पानावर, नाव व जन्मतारीख यांच्याही आधी, सदर चूक लिहिण्यात यावी, ही नम्र विनंती."